काचेमागचा हात

"फ्रीज बंद करा," मी म्हणाले. "पंखा बंद करा. अक्का, गॅसवर काय आहे?"

"कुकर आहे. डाळ लावलीय."

"उतरवा."

"अगं, एकच शिट्टी राहिलीय."

"ती एक शिट्टी झाली तर सगळं फुकट जाईल. उतरवा म्हणते ना!"

अक्का पुटपुटत स्वयंपाकघरात गेल्या. पलंगावरून ऋजुता हसली. हसली म्हणजे फक्त तोंड हसलं, मानेखालचं काही तिच्या ताब्यात राहिलं नव्हतं. "आत्या, डाळ कच्ची राहिली तर सुनंदाताईंच्या ताटात वाढ," ती ओरडली.

"बोलू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या बोलण्यानंसुद्धा वाळू हलते."

भर दुपार होती, पण खोलीत मिट्ट अंधार होता. खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या होत्या आणि दाराच्या फटीत जुनी लुगडी कोंबली होती. पलंगाला लागून मी कॉलेजातून आणलेलं वाळूचं टेबल मांडलं होतं. टेबल कसलं, लाकडी पेटीत वाळू आणि खाली स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबा. रस्त्यावरून ट्रक गेला तर त्याचा हादरा त्या ट्यूबांनी खावा. वाळूत एका टोकाला लेसर, त्याच्यापुढे भिंग, दुसऱ्या टोकाला काच उभी करायची खोबण आणि मध्ये ऋजुताचा उजवा हात. हाताखाली मऊ उशी नव्हती, ओली वाळू थापून केलेला साचा होता.

बोटं सरांनी स्वतः लावली होती. तर्जनी पुढे, अंगठा आत, कॅरमचा स्ट्रायकर मारताना ठेवतात तशी. पोरगी कॉलेजात असताना कॅरममध्ये जिल्ह्यात पहिली आली होती. बोटांपुढे थोड्या अंतरावर स्ट्रायकर आणि लाल राणी. ते तिनंच मागितलं होतं. "नुसता हात कसला काढता? भीक मागितल्यासारखा दिसेल," म्हणाली होती.

सर म्हणजे अच्युत उकिडवे. एम. एस्सी.ला त्यांनी मला शिकवलं, आणि पुढे त्यांच्याच कॉलेजात मी प्रकाशशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायला लागले. आमचं शहर कोल्हापूर. इथं कृष्णविवरांचं गणित करणारा माणूस म्हणजे लोकांना गंमतच. भाजीवालासुद्धा विचारायचा, "काय सर, सापडलं का भोक?" सर रागवायचे नाहीत. पिशवी पुढे करून त्याला समजावायला लागायचे.

त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न एकच होता. कृष्णविवरात एखादी गोष्ट पडली की ती गेली, म्हणजे खरंच गेली का? तिची काहीच नोंद राहत नाही का? त्या वर्षांत जगातल्या मोठमोठ्या लोकांनी एक नवी कल्पना मांडली होती. आत पडलेल्या सगळ्याची नोंद त्या विवराच्या पृष्ठभागावर राहते. आणि कुणी सांगावं, अख्ख्या विश्वाचंच तसं असेल. आपल्याला जे लांब, रुंद, खोल दिसतं ते सगळं कुठल्यातरी लांबच्या सपाट पडद्यावर लिहिलेलं असेल, होलोग्रामसारखं. सिद्ध काही झालेलं नव्हतं. पण सर पोरांना सांगायचे, "गणित सुंदर आहे. आणि पोरांनो, एक ध्यानात ठेवा, उपमा म्हणजे पुरावा नव्हे." हे वाक्य त्यांनी आमच्या दहा-वीस बॅचेसच्या डोक्यात हातोड्यानं ठोकलं होतं.

मग सरांच्या लेकीच्या, ऋजुताच्या मानेच्या मणक्यात गाठ निघाली. दिवाळीत उजवा हात गेला, मग डावा, मग पाय. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. सरांची बायको ती लहान असतानाच गेलेली. घरात सर, त्यांची थोरली बहीण अक्का आणि ही.

आणि एक दिवस सर माझ्या प्रयोगशाळेत आले. वीस वर्षांत तिथं पाय न ठेवलेला माणूस. लेसरचा धक्का बसेल अशा भीतीनं भिंतीला चिकटून उभे राहिले. टेबलावर मी बुद्धिबळाच्या घोड्याचा होलोग्राम लावून ठेवला होता, प्रदर्शनासाठी. घोडा कपाटात होता, काच समोर होती, आणि काचेमागे हवेत तोच घोडा उभा. मान वाकडी केली की त्याचं शेपूटही दिसायचं. सरांनी काचेमागे हात घातला, घोड्यातून आरपार फिरवला. मग म्हणाले, "ऋजूचा हात घेशील असा?"

"नाही येणार, सर," मी म्हणाले. "जिवंत माणूस माझ्या लेसरवर येत नाही. केसाच्या शंभराव्या भागाइतकी जरी वस्तू हलली, तरी ती काचेवर उमटत नाही. फोटोसारखी पुसट येते असंही नाही. सरळ काळी. जागा दिसते, वस्तू नसते."

"तिचा हात हलत नाही."

"सर, नाडी आहे ना पण?"

"नाडी मनगटात. बोटं निदान येतील. काही सेकंदांचा तर प्रश्न आहे."

मग मी चिडले. माझी जीभ आधीपासून तिखटच. "सर, तुमच्या विश्वाचा होलोग्राम आणि माझा घोड्याचा होलोग्राम, या दोघांचं नातं नावापुरतं आहे. काचेवर लिहिलं म्हणून माणूस राहत नाही. उपमा म्हणजे पुरावा नव्हे हे कोण सांगत होतं आम्हाला?"

"मीच," सर म्हणाले. "मला कळतंय गं, सुनंदा. सगळं कळतंय."

दुसऱ्या दिवशी मी हातगाडीवर वाळूची पेटी चढवली.

तर त्या दुपारी खोलीत आम्ही चौघं. मी अंधारात चाचपडत काच खोबणीत बसवली आणि लेसरपुढे काळा पुठ्ठा धरला. यानंतर वाट बघायची असते. वाळू बसायला हवी, काच बसायला हवी, हवासुद्धा बसायला हवी. त्या वेळात कुणी बोलायचं नाही, चालायचं नाही. घर इतकं शांत झालं की अक्कांचा श्वास ऐकू यायला लागला. त्यांनी पदर तोंडाला लावला. सर भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते.

मी श्वास रोखला, पुठ्ठा उचलला. लाल उजेड वाळूवर, स्ट्रायकरवर, तिच्या बोटांवर पडला. किती सुंदर दिसला तो हात! मी पुठ्ठा परत लावला.

काच मोरीत औषधांतून धुऊन काढली, सुकवली आणि होती तशी खोबणीत उभी केली. ऋजुताचा हात वाळूतून काढून पोटावर ठेवला. स्ट्रायकर आणि राणीही उचलली. काचेमागे आता नुसती वाळू. ऋजुताला उशा लावून वर केलं आणि लेसर लावला.

वाळू उमटली होती, कण न कण. स्ट्रायकर इतका खरा की उचलावा. राणीवरची गोल नक्षीसुद्धा. आणि मध्ये, जिथं हात हवा होता, तिथं काळं भोक. हाताच्याच आकाराचं. तर्जनी पुढे, अंगठा आत, नखांच्या कडासुद्धा नीट कापलेल्या. आत काहीही नाही.

सर चष्मा काढून पुसत राहिले.

ऋजुताच पहिल्यांदा बोलली. "बाबा, तुझं कृष्णविवर! आयुष्यभर शोधत होतास, घरातच निघालं बघ."

"परत घेऊ," सर म्हणाले. "सुनंदा, वेळ कमी कर. अर्धा सेकंद."

"अर्ध्या सेकंदात काचेवर काही उमटणार नाही, सर. माझा लेसर एवढाच आहे."

"मग मनगट आवळून बांधू. थोडा वेळ रक्त थांबेल."

"अच्युता!" अक्का कडाडल्या. "पोरगी आहे ती, लाकूड नाही! बंद करा हा खेळ. उघडा त्या खिडक्या!"

सर बाहेर निघून गेले. अक्का घोंगड्या ओरबाडून काढायला लागल्या, आणि मी भिंग पुसत बसले. अक्का कुकर लावायला परत गेल्यावर ऋजुतानं मला जवळ बोलावलं.

"ताई, ते काळं कशामुळे आलं?"

"नाडीमुळे. सांगितलं होतं मी त्यांना."

"म्हणजे मी जिवंत आहे म्हणून आलं."

"हो."

तिनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, "हे टेबल नेऊ नका. इथंच राहू दे. नंतर घ्या माझा हात. तेव्हा नक्की येईल."

माझ्या हातातून भिंग पडलं. "गप्प बस. थोबाडीत देईन."

"द्या की, कळणारसुद्धा नाही मला." आणि हसली. मग हसू गेलं. "ताई, मी गेल्यावर बाबाचं काय होणार ते मला दिसतंय. फोटो तो बघत नाही. आईचेसुद्धा फोटो बघत नाही, सपाट आहेत म्हणतो. त्याला असं वाटतंय की काहीच हरवत नाही, सगळं कुठंतरी लिहिलेलं असतं. मी एकदा विचारलं त्याला, बाबा, माझं जे लिहिलेलं असेल ते वाचणार कोण? म्हणाला, वाचता नाही येणार, पण असेल. आता याला काय म्हणायचं! निदान एक गोष्ट तरी त्याला बघता येऊ दे. हात घालून बघता येऊ दे. मला दुसरं काय देता येणार आहे त्याला? मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नका."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. टेबल मात्र तिथंच राहिलं.

ऋजुता त्यानंतर फार दिवस राहिली नाही. एका सकाळी अक्कांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाल्या.

मी गेले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. नातेवाईक, कॉलेजातले लोक, सरांचे विद्यार्थी. बांबू आले होते. आतल्या खोलीत सर पलंगाशी खुर्चीवर बसले होते. मला बघून उठले नाहीत. फक्त म्हणाले, "आता येईल."

पोरीनं जे माझ्याकडे मागितलं होतं तेच बापानं न सांगता मागितलं. दोघांनी एकमेकांशी यावर एक शब्द काढला नसणार. पिशवीत मी काच आणली होती. फोन ठेवल्या ठेवल्या मी ती पिशवीत घातली होती, विचारसुद्धा न करता.

मला वाटलं होतं अक्का मला हाकलून देतील. त्यांनीच घोंगड्या आणल्या. एकेक खिळ्यावर अडकवल्या. मग त्या दारात गेल्या आणि अंगणातल्या लोकांना म्हणाल्या, "जरा थांबा. कुणी बोलू नका, कुणी हलू नका. आतलं आवरत नाही तोवर बांबूला हात लावू नका." कुणी का म्हणून विचारलं नाही. मयताच्या घरी विचारत नाहीत.

हात मी वाळूत ठेवला. अजून कडक झाला नव्हता, पण थंड होता. बोटं मीच लावली, तर्जनी पुढे, अंगठा आत. सरांना जमलं नाही. अक्कांनी कनवटीतून स्ट्रायकर काढला आणि बोटांपुढे ठेवला. राणी ठेवायला त्या विसरल्या, मीही आठवण केली नाही.

मग वाट बघत बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. फ्रीज बंद होता, चूल बंद होती. अंगणात शंभरेक माणसं असतील, पण कुणाचा खोकलासुद्धा नाही. मी पुठ्ठा उचलला. लाल उजेड पडला. पहिल्या वेळेपेक्षा जास्त वेळ धरला, आता घाई कसली होती!

काच मी कॉलेजात नेऊन धुतली. बघितली नाही. पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली, पहिलीच्या शेजारी.

तेरावा झाल्यावर सर प्रयोगशाळेत आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. खुर्चीत बसले. मी दुसरी काच लावली आणि लेसर सुरू केला.

हात होता. अख्खा. नखं, नखांतले पांढरे चंद्र, लहानपणी इस्त्री लागली होती तो मनगटावरचा चट्टा, बोटांच्या पेरांवरच्या रेषा. सरांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. हात सगळ्या बाजूंनी होता. मग त्यांनी काचेमागे आपला हात घातला आणि तिचा हात धरायला गेले. त्यांची बोटं तिच्या बोटांतून आरपार गेली. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा गेली. मला बघवेना, मी खिडकीकडे वळले.

"सगळं आलंय," सर म्हणाले.

"हो, सर."

"काही राहिलेलं नाही."

"नाही."

मग म्हणाले, "पहिली लाव."

"सर, पहिलीत काय आहे? त्यात हात..."

"लाव गं."

मी पहिली लावली. वाळू, स्ट्रायकर, राणी आणि मधलं काळं भोक. सर खुर्ची ओढून पुढे सरकले. काचेला नाक लागेल इतके पुढे. त्या काळ्यात बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, काहीतरी म्हणताहेत. नंतर कळलं, ते मोजत होते. तिची नाडी मोजत होते. एवढ्याशा वेळात ती किती वेळा उडाली असेल, ते.

"ही काच घेतली तेव्हा होती ती," सर म्हणाले. "ही माझी. ती दुसरी मोडून टाक."

"सर, पोरीनं..." बोलता बोलता मी थांबले. सांगू नका म्हणाली होती.

"मोडून टाक, सुनंदा. तो हात तिचा नाही. त्यात ती कुठंच नाही."

मी दुसरी काच घेऊन प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात गेले. फडक्यात गुंडाळली आणि दगडानं फोडली. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. सरांचा, गाठीचा, त्या सगळ्या सुंदर गणिताचा. मारत राहिले. फडकं उघडलं तर बोटाएवढे तुकडे झाले होते. तुकडे कचऱ्यात टाकायला आत आले, आणि काय वाटलं कोण जाणे, एक तुकडा चिमटीत धरून लेसरच्या उजेडात नेला आणि डोळा लावला.

मला हे माहीत होतं. दर वर्षी पोरांना शिकवत होते मी, होलोग्राम फोडला तरी प्रत्येक तुकड्यात अख्खं चित्र राहतं. परीक्षेला येतो तो प्रश्न. तरी मी तुकडा डोळ्यापासून काढला आणि पुन्हा लावला.

तुकड्यात अख्खा हात होता. जरा अंधुक, बारीक झरोक्यातून बघितल्यासारखा, पण अख्खा. मी दुसरा तुकडा घेतला. त्यातही. तिसरा. त्यातही. तर्जनी पुढे, अंगठा आत, थंडगार. एक मेलेला हात मी फोडला होता आणि त्याचे माझ्या फडक्यात कितीतरी मेलेले हात झाले होते.

"जात नाही ना?" मागून सर म्हणाले.

ते दारात उभे होते. पहिली काच त्यांनी छातीशी धरली होती. त्यांनी येऊन माझ्या हातातला तुकडा घेतला, उजेडात धरला, डोळा लावला. आणि हसायला लागले. सरांना मी तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"बघितलंस? मी म्हणत होतो ना, काही नष्ट होत नाही. मी बरोबर होतो, सुनंदा. अगदी बरोबर होतो."

आणि तिथंच फरशीवर बसले, त्या काचांमध्ये. हसणं थांबेना, मग ते रडणं झालं. मी शेजारी बसले. त्यांच्या पँटला काचा लागत होत्या, मी एकेक उचलत राहिले.

सरांनी पुढे गणित केलं नाही. निवृत्तीनंतर सात-आठ वर्षं जगले. पहिली काच त्यांनी घरी नेली. घरी लेसर नव्हता, आणि लेसरशिवाय तशा काचेत काहीच दिसत नाही, नुसती धुरकट काच. ती ते समोर ठेवून बसायचे. मी एकदा म्हणाले, "सर, कॉलेजातला छोटा लेसर आणून देते." नको म्हणाले.

ते गेल्यावर अक्कांनी ती काच माझ्याकडे पाठवली. सोबत निरोप होता, अच्युत रोज यात काय बघायचा ते मला एकदा दाखव. त्या आल्या, मी लेसर लावला. म्हाताऱ्या डोळ्यांनी त्यांनी बराच वेळ बघितलं.

"स्ट्रायकर दिसतोय," म्हणाल्या. "राणी दिसतेय. मधे काय आहे गं हे काळं?"

"ऋजू," मी म्हणाले.

अक्कांनी आपला हात काचेमागे नेला, त्या काळ्या जागेत ठेवला आणि तसाच राहू दिला. हात दुखायला लागला तेव्हा काढून घेतला. मग म्हणाल्या, "बंद कर. वीज जळतेय."